बंद लॅपटॉपचं कुलूप

"पासवर्ड होता ना लॅपटॉपला? मग कशाला घाबरायचं?" आमच्या बारमधल्या एका वकिलांची बॅग एसटी स्टँडवरून गेली, तेव्हा त्यांना धीर द्यायला जमलेल्या प्रत्येकाने हेच विचारलं. मग लॅपटॉपची किंमत, विमा, पोलिसांत दिलेला अर्ज यावर चर्चा झाली. त्यांच्या पक्षकारांच्या कागदांचं काय होणार, हे कुणाच्या बोलण्यातच आलं नाही, कारण पासवर्ड होता.

मी मुख्यतः फॅमिली कोर्टात काम करते. माझ्या लॅपटॉपवर जे असतं ते चोराच्या काही उपयोगाचं नसतं, पण बाहेर गेलं तर एखाद्या बाईचं गावात राहणं अवघड होईल. पगाराच्या स्लिपा, वैद्यकीय रिपोर्ट, नवरा-बायकोच्या व्हॉट्सॲप चॅटचे स्क्रीनशॉट, घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या अर्जाला जोडलेले जखमांचे फोटो. म्हणून त्या रात्री मी माझ्याच मशीनवर प्रयोग केला. लिनक्सचा (विंडोजसारखीच, पण वेगळी सिस्टीम) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरूनच अख्खी सिस्टीम चालते असा, लावला, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला आणि फाइल मॅनेजरमध्ये विंडोजच्या डिस्कवर डबल क्लिक केलं. विंडोजने पासवर्ड विचारलाच नाही. विचारणार कोण, विंडोज सुरूच झालेलं नव्हतं. युजर्स, माझं नाव, डॉक्युमेंट्स. फोटोंचं फोल्डर उघडताच छोट्या छोट्या चौकटीत सगळे फोटो आपोआप दिसायला लागले. एकही फाइल उघडायची गरज पडली नाही. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे विंडोजच्या दारावरचा पहारेकरी. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की त्याचं काम संपलं.

मशीन बदलायचा प्रश्न तसाही दारात उभा होता. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११च्या अटींत न बसणारा. यंत्र मात्र ठणठणीत. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर पूर्ण मिळत नाही. त्यातच ऑगस्टपासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालेलं, त्यामुळे सांगली-कोल्हापूर फेऱ्या वाढल्या आणि लॅपटॉप जास्त वेळ बॅगेतच राहायला लागला. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची १३वी आवृत्ती त्याच ऑगस्टमध्ये आली होती. माझं काम लिब्रेऑफिस, पीडीएफ आणि ब्राउझर एवढ्यावर भागतं. ठरवलं, डेबियनच टाकायचं आणि टाकतानाच अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवायची. हे टाकतानाच केलेलं बरं. चालू सिस्टीम नंतर एन्क्रिप्ट करता येते, पण त्यातली उठाठेव आणि धोका पाहता नव्याने इन्स्टॉल करणं स्वस्त पडतं.

इन्स्टॉलरकडे जाण्याआधी एक अडचण सोडवायची होती. जुन्या डिस्कवर कैक वर्षांचे कागद उघडे पडलेले. तिच्यावरच एन्क्रिप्शन केलं तर खालचा जुना मजकूर पुसला जाईल का? फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर वरून नवं लिहिलं की जुनं जातं. एसएसडीचं, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कचं, तसं नाही. तिचा कंट्रोलर सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून लिखाण इकडून तिकडे फिरवत असतो आणि काही जागा राखीव ठेवतो. आपण "इथे लिही" म्हटलं तरी तो भलतीकडेच लिहितो आणि जुना तुकडा कुठल्यातरी कोपऱ्यात तसाच राहू शकतो. डिस्कला स्वतःलाच पुसायला सांगणारी सिक्युअर इरेज आज्ञा असते, पण तिचं इमानदारीने पालन होणं हे त्या डिस्कच्या फर्मवेअरवर, म्हणजे कंपनीने आत घातलेल्या प्रोग्रामवर. मी सरळ नवी एसएसडी घेतली. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, जुनी द्या, पाचशे कमी करतो." मी म्हटलं, "पाचशे जास्त घे, पण ती मला परत दे." तो माझ्याकडे बघतच राहिला. नवी सिस्टीम नीट चालतेय आणि सगळे कागद तिकडे आलेत याची खात्री झाल्यावर जुन्या डिस्कचं कव्हर उघडून आतल्या काळ्या चिपांवर हातोडा घातला. वरचं कव्हर ठेचून भागत नाही, चिपा फुटायला हव्यात.

आता पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड. या सगळ्या प्रकरणात मी सर्वात जास्त वेळ इथे घालवला आणि तो तसाच घालवावा असं माझं मत आहे. बँकेच्या साइटवर तीनदा चुकलं की खातं बंद होतं. चोरलेल्या डिस्कला असं कुणी अडवणारं नसतं. ती आपल्या घरी नेऊन, हव्या तितक्या मशीनवर, दिवसरात्र अंदाज करत बसता येतं. त्यामुळे मुलांची नावं, जन्मसाल, आणि शेवटी उद्गारचिन्ह हा आपला राष्ट्रीय नमुना इथे चालणार नाही.

फासे टाकून शब्द निवडायची एक जुनी पद्धत आहे, डाइसवेअर. अर्नोल्ड रेनहोल्ड यांनी ती १९९५ साली मांडली. ७७७६ शब्दांची यादी, पाच फासे, जो आकडा येईल तो शब्द. माणसाने मनाने निवडलेल्या शब्दाचा थोडाफार अंदाज बांधता येतोच. फाशाचा मात्र अजिबात नाही. तयार यादी इंग्रजीत आहे. मला कोर्टात उभं राहून सुद्धा आठवेल असे शब्द हवे होते, ते मराठीच. म्हणून घरातला जाडजूड मराठी शब्दकोश घेतला आणि सापशिडीचे फासे. चार फासे ओळीने टाकले की १२९६ वेगवेगळे निकाल संभवतात. त्यांना १ ते १२९६ असे क्रमांक द्यायचे, तो झाला पान क्रमांक. कोशाची पानं नऊशेच्या घरात, त्यामुळे मोठा आकडा आला की पुन्हा टाकायचे. मग दोन फासे, छत्तीस शक्यता, त्या पानावरची तितकावी नोंद. म्हणजे एका शब्दामागे बत्तीस हजारांवर पर्याय. असे पाच शब्द घेतले की एकूण शक्यता होतात साधारण ३५ वर २१ शून्यं.

शिस्त एकच: आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. आवडीनिवडी आल्या की फाशाला अर्थ उरत नाही. मला एक शब्द असा आला की त्याचा अर्थ कोशात वाचावा लागला, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात पक्का लक्षात राहिला. नमुना म्हणून सांगायचं तर "अडसर मुरंबा दवंडी खुरपे पागोटे" असं काहीतरी तयार होतं. माझे शब्द हे नाहीत, सांगायला नको.

हे शब्द टाइप मात्र रोमन लिपीतच करायचे. कारण डिस्क उघडायचा प्रश्न डेस्कटॉप येण्याच्या कितीतरी आधी विचारला जातो आणि तिथे देवनागरी कीबोर्डवर विसंबून चालत नाही. इथे खाचखळगा आहे. आपण व्हॉट्सॲपवर एकच शब्द कधी एका ए ने लिहितो, कधी दोन ए ने. "खुरपे"मधला र आपण हलन्तासारखा म्हणतो. तिथे ए घालायचा की नाही? स्टार दिसणाऱ्या चौकटीत हे तपासता येत नाही. मी आधी वहीत स्वतःपुरते नियम लिहिले: दीर्घ असो की ऱ्हस्व, स्वर एकदाच, उच्चारात नसलेला अ लिहायचा नाही, शब्दांमध्ये एक स्पेस. मग साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, नेट बंद करून, बोटांना सवय होईपर्यंत टाइप केलं आणि फाइल सेव्ह न करता बंद केली. कार्यालयात इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्यांनी लेआउटचंही आधीच ठरवून टाकावं.

याच कारणाने इन्स्टॉलर मी इंग्रजीत चालवला. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरच्या यादीत मराठी आहे आणि ती वापरायचा मोह झाला होता, पण कीबोर्ड अमेरिकन इंग्लिश आहे याबद्दल मला तीळमात्र शंका नको होती.

इन्स्टॉलरमधला भाग थोडक्यात उरकतो, कारण तो खरंच थोडका आहे. डिस्कच्या पार्टिशनचा, म्हणजे वाटणीचा, टप्पा आला की पर्यायांत "गाइडेड, पूर्ण डिस्क वापरा आणि एन्क्रिप्टेड एलव्हीएम करा" अशा अर्थाची ओळ असते (एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा वाटायची लिनक्सची एक पद्धत). ती निवडायची. डिस्क कोणती ते नीट बघायचं, कारण यादीत तुमचा इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही असू शकतो. सगळ्या फाइल्स एकाच पार्टिशनमध्ये, हा पर्याय मला पुरला. त्यानंतर तो म्हणतो, आता डिस्कवर लिहू का? इथपर्यंत मागे फिरता येतं. हो म्हटलं की तो डिस्क यादृच्छिक आकड्यांनी भरायला घेतो आणि प्रगतीची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. भरायचा हेतू असा की नंतर डिस्क बघणाऱ्याला भरलेली जागा कुठली आणि रिकामी कुठली हे कळू नये. माझी डिस्क कोरी होती, आणि एसएसडीची ट्रिम सोय (रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला कळवणारी) चालू ठेवली की रिकाम्या जागा पुढे उघड होतातच. मी कॅन्सल दाबलं. कॅन्सल केलं तर इन्स्टॉलेशन थांबत नाही, फक्त हा टप्पा वगळला जातो. जुन्या हार्ड डिस्कवर करत असाल तर मात्र कॅन्सल करू नका. रात्रभर चालू द्या.

मग तो पासफ्रेज दोनदा मागतो, हरवली तर परत मिळवायची सोय नाही अशी समज देतो आणि पुढचं नेहमीसारखं: सिस्टीमच्या फाइल्स, डेस्कटॉप. इन्स्टॉल झाल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं आणि डेबियनच्या चित्रावर एक चौकट आली, एसडीए३ नावाची डिस्क अनलॉक करा. पाच शब्द, एंटर. दोनएक सेकंद काहीच नाही. मग डेस्कटॉप.

ती दोन सेकंदं मुद्दाम घातलेली आहेत. लिनक्समधल्या या व्यवस्थेचं नाव लक्स (हो, साबणासारखंच, आमच्या ज्युनियरला हसू आवरलं नव्हतं). डिस्कवरचा मजकूर एईएस पद्धतीने एका लांबलचक, यंत्राने निवडलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. ती किल्ली तुमच्या पासफ्रेजमध्ये नसते. ती डिस्कच्याच सुरुवातीला, हेडर नावाच्या जागेत, कुलूपबंद ठेवलेली असते आणि तुमची पासफ्रेज फक्त ते कुलूप उघडते. पासफ्रेजपासून कुलूप उघडण्यापर्यंतचं गणित आर्गॉन२ नावाच्या पद्धतीने होतं. २०१५मध्ये पासवर्ड हॅशिंगची जी खुली स्पर्धा झाली, तिची ही विजेती. ती मुद्दाम वेळखाऊ आहे आणि मेमरीही भरपूर खाते. माझ्या मशीनवर एका प्रयत्नाला एक जीबी. मला दिवसातून दोनदा दोन सेकंदं थांबावं लागतं. अब्जावधी अंदाज करणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तेवढाच भुर्दंड पडतो.

मशीन हळू होईल का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रामची बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची, आज्ञा देऊन बघा. माझा जुना प्रोसेसर एईएसचं काम सेकंदाला दीड जीबीच्या वर करतो, कारण त्यासाठीच्या सूचना चिपमध्येच आहेत. माझ्यासारख्या साटा जोडणीच्या एसएसडीची धाव सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास संपते. डिस्कच मागे पडते, कुलूप नाही.

किल्ली आणि पासफ्रेज वेगळ्या असल्याचा मोठा फायदा म्हणजे एकाच डिस्कला अनेक पासफ्रेज देता येतात. नव्या लक्समध्ये अशा ३२पर्यंत जागा आहेत, जुन्यात आठ होत्या. एक बदलली तरी बाकीच्यांना धक्का नाही आणि डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागत नाही. मी "लक्स ॲड की" ही आज्ञा वापरून दुसरी पासफ्रेज घातली, फाशांचीच, आणखी लांब, जी पाठ करायचा प्रश्नच नव्हता. ती कागदावर.

तो कागद कुणाकडे ठेवायचा, यावर मात्र मी अडले. मृत्युपत्रं करून देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. वारसांना बँकेची खाती सापडत नाहीत, लॉकरची किल्ली सापडत नाही, हे नेहमीचं. पण तिथे शेवटी कोर्टाचा हुकूम घेऊन लॉकर फोडता येतो. ही डिस्क कुठल्याही हुकमाने फुटत नाही. मला उद्या काही झालं तर चालू दाव्यांचे कागद दुसऱ्या वकिलाच्या हाती लवकरात लवकर पडायला हवेत, नाहीतर नुकसान माझ्या पक्षकारांचं. घरच्यांकडे द्यावं, तर माझ्या पक्षकारांनी विश्वासाने सांगितलेलं माझ्या नवऱ्याने वाचायचं काही कारण नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलावर ते बंधन घालतं आणि ते नातं संपल्यावरही टिकतं. शेवटी मी ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली त्या सरांकडे गेले. कागद लिफाफ्यात, जोडावर माझी सही, वर लाख. सर म्हणाले, "सीलबंद लिफाफा सुप्रीम कोर्टाला आवडत नाही, माहितीये ना?" आणि तिजोरीत ठेवून दिला. घरी नवऱ्याला एवढंच माहीत आहे की लिफाफा कुणाकडे आहे.

दुसरी खबरदारी हेडरची. ही सोळा एमबीची जागा बिघडली तर अचूक पासफ्रेज असूनही डिस्कवर उरतो तो निव्वळ गोंधळ. क्रिप्टसेटअपमध्ये हेडरची प्रत काढायची आज्ञा आहे, "लक्स हेडर बॅकअप". प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली, तो बँकेच्या लॉकरमध्ये. यात एक गोम आहे जी सहसा कुणी सांगत नाही: त्या प्रतीत तेव्हाच्या पासफ्रेजची कुलुपं असतात. उद्या कुणी माझी पासफ्रेज बघितली म्हणून मी ती बदलली, तरी ज्याच्या हातात जुनी हेडर प्रत आणि डिस्क दोन्ही आहेत, त्याला जुनीच पासफ्रेज चालते. म्हणून पासफ्रेज बदलली की नवी प्रत काढायची आणि जुनी नष्ट करायची. पेनड्राइव्हवर तारीख लिहून ठेवते.

आता हे कुलूप काय करत नाही, तेही बघा. मशीन चालू असताना किल्ली मेमरीत उघडी असते. झाकण मिटून लॅपटॉप झोपवला, तरी ती तिथेच. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं होतं की मेमरीची चिप थंड केली तर वीज गेल्यावरही थोडा वेळ त्यातला मजकूर टिकतो आणि किल्ली काढता येते. स्टँडवरचा चोर इतकं करणार नाही, पण झोपलेला लॅपटॉप म्हणजे कुलूप न लावलेला लॅपटॉप. कोल्हापूरच्या गाडीत चढण्याआधी मी पूर्ण बंद करते. त्याने दोन मिनिटं जातात, जाऊ देत. स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, या एलव्हीएमच्या आतच असल्याने मेमरीतून डिस्कवर सांडलेला मजकूरही कुलुपात राहतो, हे या तयार पर्यायाचं आणखी एक बरं. बाहेर उघडं राहतं ते बूटचं, म्हणजे मशीन सुरू करायच्या फाइल्सचं, छोटं पार्टिशन. हॉटेलच्या खोलीत शिरून कुणी त्यात फेरफार करावा अशी माझी महती नाही, तेव्हा त्यावर मी डोकं लावलं नाही. चालू मशीनमध्ये आलेला व्हायरस, चुकून भलत्याला गेलेला ईमेल, यांच्याशी या एन्क्रिप्शनचा काडीचा संबंध नाही.

आणि "पोलिसांनाही उघडता येणार नाही" असं ज्युनियर मंडळी खुशीने म्हणतात, त्यांना मी थांबवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९खाली डिक्रिप्ट करून देण्याचा आदेश निघू शकतो आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. वकिलाच्या उपकरणांबाबत ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती न्यायालयापुढे हजर करायची, आणि उघडताना त्यात असलेल्या इतर पक्षकारांची गोपनीयता सांभाळायची. ती लढाई कोर्टात लढायची असते. कुलूप लावलं ते चोरासाठी.

एवढं करून बॅकअपची डिस्क उघडी ठेवली तर सगळं पाण्यात. बाहेरची हार्ड डिस्कही मी डिस्क युटिलिटीतून पासवर्डची खूण करून फॉरमॅट केली, हेही लक्सच. ती विंडोजमध्ये उघडत नाही, म्हणून कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा, साधा. त्यात त्या दिवशी छापायची पीडीएफ तेवढीच असते, आणि छापून झाली की काढून टाकते.

राहिला टायपिस्टकडचा डेस्कटॉप. तो अजून विंडोजवर आहे, कारण जुने दावे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेत आणि ते युनिकोडमध्ये आणायला वेळ लागतोय. टायपिस्टकाकांना रोज सकाळी पाच शब्दांची पासफ्रेज टाका म्हटलं तर ती मॉनिटरला चिकटवलेली दिसेल, हेही मला माहीत आहे. तूर्त फॅमिली कोर्टाच्या फायली त्या मशीनवर ठेवायच्या नाहीत असा नियम केलाय. तोंडी सांगितलेला मसुदा ते माझ्यासमोर माझ्या लॅपटॉपवर टाइप करतात, आणि कीबोर्ड लहान आहे म्हणून रोज कुरकुर करतात.